घाणेरीची छाटणी : अंगणातील आणि अरण्यातील

हौसेने लावलेले फुलझाड कुंपण ओलांडून रानात गेले आणि रानच व्यापून बसले, याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे घाणेरी. शहरांतील बंगल्यांच्या कुंपणांवर आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर तिच्या बुटक्या, रंगीत जाती आजही लावल्या जातात. त्याच वेळी मध्य भारतातील जंगलांत तिचे काटेरी जाळे हटवण्यासाठी वनखात्याला आणि ग्रामसभांना कष्ट व पैसा खर्चावा लागतो. दोन्ही ठिकाणी माणूस तिच्यावर पाते चालवतो. बागेत त्याला छाटणी म्हणतात, जंगलात निर्मूलन. परंतु वरवर कापल्यास झुडूप दोन्हीकडे सारखेच वागते, आणि हे न ओळखल्यामुळे जंगलातील बरीच मेहनत वाया जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत शहर आणि जंगल यांच्यातील अंतर फार थोडे आहे. त्यामुळे येथील बागप्रेमींनी घाणेरीची छाटणी नीट समजून घेणे हा केवळ हौसेचा विषय राहत नाही.

ओळख

घाणेरीचे शास्त्रीय नाव लॅन्टाना कॅमारा. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिले. पाने चुरगळल्यावर येणाऱ्या उग्र वासामुळे मराठीत ती घाणेरी झाली. टणटणी हे तिचे दुसरे नाव. विदर्भात तिला रायमुनियाही म्हणतात. ती बहुवर्षायू आहे. मोकळ्या जागी झुडूप दोन ते तीन मीटर उंच होते, झाडाचा आधार मिळाला तर त्याहून वर चढते. कोवळ्या फांद्या चौकोनी असतात आणि त्यांवर मागे वळलेले, आकड्यासारखे काटे असतात. म्हणूनच झुडपात हात घालताना फारसे जाणवत नाही, पण बाहेर काढताना कातडी सोलवटते.

फुलांचे झुबके हे तिचे खरे आकर्षण. एकाच झुबक्यात पिवळी, नारिंगी, गुलाबी वा लाल फुले एकत्र दिसतात, कारण उमललेले फूल जुने होताना रंग बदलते. मधाच्या आशेने फुलपाखरे ताज्या, बहुधा पिवळ्या फुलांवर उतरतात. पुढे हिरव्या फळांचे घोस धरतात आणि पिकल्यावर ती जांभळी-काळी होतात. बुलबुल, साळुंकी यांसारखे पक्षी ही फळे आवडीने खातात आणि विष्ठेवाटे बिया दूरवर टाकतात. एका मोठ्या झुडपावर वर्षभरात १२ हजारांपर्यंत फळे येऊ शकतात.

बागेतून रानात

घाणेरीचे मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण प्रदेश. सतराव्या शतकात ती युरोपातील बागांत पोहोचली. तेथील माळ्यांनी निरनिराळ्या प्रकारांचा संकर करून अनेक रंगीत वाण तयार केले. आज जगभर पसरलेली घाणेरी ही या संकरित वाणांचीच संतती आहे. म्हणजे हे तण काही अंशी माळ्यांनीच घडवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती शोभेची वनस्पती म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. तेथून ती छावण्यांच्या, बंगल्यांच्या आणि मळ्यांच्या कुंपणांवर गेली, आणि पक्ष्यांनी तिला रानात नेले.

पुढील दोनशे वर्षांत तिने गाठलेला पल्ला थक्क करणारा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या आक्रमक प्रजाती तज्ज्ञ गटाने तयार केलेल्या जगातील १०० सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत तिचा समावेश आहे. भारतीय वन्यजीव संस्थेतील संशोधकांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर वनक्षेत्रात, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक भागात, घाणेरीचा शिरकाव झाला आहे.

छाटल्यावर काय होते?

फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संजीवक खाली उतरत असते आणि बगलेतील डोळ्यांना सुप्त ठेवते. शेंडा कापला की हा पुरवठा थांबतो. खालचे दोन-चार डोळे एकदम जागे होतात आणि एका फांदीच्या जागी अनेक फांद्या येतात. मुळांत साठलेले अन्न त्यांना बळ देते. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांच्या छाटणीमागे हेच तत्त्व आहे. जी झुडपे नव्या फुटव्यांवर फुलतात, त्यांना छाटणीमुळे अधिक फुले येतात. घाणेरी त्यांपैकीच एक आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामस्थांना हे तत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामापूर्वी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तेंदूची झुडपे जमिनीलगत कापली जातात. याला खुटकटाई म्हणतात. कापलेल्या खुंटातून एप्रिल-मे महिन्यांत कोवळी, मोठी आणि निर्दोष पाने फुटतात. विडीसाठी हीच पाने उपयोगाची. कापल्याने झुडूप मरत नाही, उलट नव्याने फुटते, या भरवशावर तेंदूचा सारा व्यवसाय उभा आहे. घाणेरीचा बुंधा कोयत्याने कापणारा मजूर नकळत तिची खुटकटाईच करीत असतो. फरक एवढाच की तेंदूत हवा असलेला फुटवा घाणेरीत नको असतो.

बागेतील छाटणी

बागेतील घाणेरीची मुख्य छाटणी वर्षातून एकदा आणि हलकी छाटणी वरचेवर करावी लागते. पूर्व विदर्भात छाटणीची वेळ ठरवताना उन्हाचा विचार आधी करावा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवलाचे नाही. एप्रिल-मे महिन्यांत कडक छाटणी केल्यास आजवर पानांच्या सावलीत असलेल्या फांद्या एकाएकी उघड्या पडतात, त्यांची साल भाजते आणि कोवळे फुटवे करपतात. म्हणून मुख्य छाटणी मृगाच्या पहिल्या सरी पडून जमीन ओलावल्यावर, जूनच्या उत्तरार्धात करावी. ते जमले नाही तर फेब्रुवारी अखेरीस मध्यम छाटणी करून उन्हाळ्यापूर्वी झुडपाला पाने धरण्यास अवधी द्यावा.

छाटणीचा क्रम असा असावा. प्रथम वाळलेल्या, रोगट आणि आतल्या बाजूस एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात. नंतर उरलेल्या फांद्या एक तृतीयांशाने कमी कराव्यात. झुडूप जुने, बुडाशी उघडे आणि वर झिपरे झाले असेल तर पावसाळ्याच्या प्रारंभी ते जमिनीपासून वीतभर ते दीड वीत उंचीवर कापले तरी चालते. महिनाभरात ते नव्याने भरून येते. प्रत्येक काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका घ्यावा, म्हणजे नवी फांदी बाहेर वळते आणि झुडपाच्या आत हवा खेळती राहते. कात्री धारदार आणि स्वच्छ हवी. बोथट पात्याने फांदी चिरडते आणि तेथून ती वाळत जाते.

यापेक्षा महत्त्वाची आहे ती फुलोऱ्यानंतरची हलकी छाटणी. झुबक्यातील फुले गळू लागली की फळे धरण्यापूर्वीच तो झुबका खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापावा. याने दोन गोष्टी साधतात. झुडपाची शक्ती फळांकडे न जाता नव्या फुलांकडे वळते, आणि पक्ष्यांना पिकलेले फळ मिळत नाही. ज्याला पंधरवड्यातून एकदा हे काम करणे शक्य नाही, त्याने घाणेरी लावू नये. बाजारात काही बुटके वाण बी न धरणारे म्हणून विकले जातात. त्यांपैकी काहींना थोडी फळे येतात, आणि त्यांचे पराग रानटी घाणेरीशी संकर करू शकतात. म्हणून केवळ विक्रेत्याच्या सांगण्यावर न विसंबता फळे धरतात का, यावर लक्ष ठेवावे.

काम करताना जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. पानांवरील खरखरीत लव काहींच्या त्वचेला खाज आणते. हिरवी फळे विषारी मानली जातात. लहान मुले आणि पाळीव जनावरे यांना छाटलेल्या ढिगापासून दूर ठेवावे.

छाटलेल्या फांद्यांची विल्हेवाट

बागेतील कचरा कुंपणापलीकडे, नाल्याच्या काठी किंवा मोकळ्या भूखंडावर टाकण्याची सवय घाणेरीच्या बाबतीत घातक ठरते. ओल्या मातीवर पडलेल्या फांदीला मुळे फुटू शकतात. फळांसह टाकलेली फांदी म्हणजे पेरणीच. चंद्रपूर शहरातील नाले इरई आणि झरपट या नद्यांना मिळतात, तर शहराच्या पूर्वेस मूल मार्गावर लोहाऱ्याचे जंगल वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे. बुलबुलाच्या दृष्टीने अंगण आणि अरण्य हा एकच मुलूख आहे.

म्हणून फुले-फळे असलेले शेंडे वेगळे करून पिशवीत बंद करावेत आणि ओल्या कचऱ्यासोबत महापालिकेच्या गाडीत द्यावेत. फळे नसलेल्या फांद्या फरशीवर वा पत्र्यावर पसरून उन्हात कडकडीत वाळवाव्यात. नंतर त्यांचे तुकडे करून खतखड्ड्यात टाकता येतात. ढीग पेटवून देणे टाळावे.

जंगलातील घाणेरी

दाट, सावलीदार आणि अखंड जंगलात घाणेरीला सहसा थारा मिळत नाही. तिला ऊन लागते. रस्त्यांच्या कडा, नाल्यांचे काठ, अतिचराईने उघडे पडलेले माळ, विरळ झालेले सागवान आणि सोडून दिलेली शेते ही तिची प्रवेशद्वारे. चंद्रपूर जिल्ह्यात खाणी, रस्ते, रेल्वे आणि वाढती वस्ती यांनी जंगलाचे अनेक तुकडे केले आहेत, आणि प्रत्येक तुकड्याला नवी कड मिळाली आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भाग आजही वनाच्छादित आहे; परंतु रस्ते रुंद होतील आणि खाणी वाढतील तसतशा तेथेही अशा कडा वाढणार आहेत.

घाणेरीखाली गवत वाढत नाही. तिची दाट सावली आणि तिच्या पानांतून व मुळांतून जमिनीत उतरणारी रसायने इतर रोपांची उगवण रोखतात. ज्या जमिनीवर चितळ, सांबर, गवे चरायचे, तेथे पाचोळा आणि काटे उरतात. तृणभक्षी प्राणी अशा जागा टाळू लागले की त्यांच्यावर जगणाऱ्या वाघाच्या आहाराचाही प्रश्न येतो. ताडोबा हे १९५५ मध्ये जाहीर झालेले राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील नवेगाव, जामणी यांसारख्या गावांच्या पुनर्वसनानंतर त्यांच्या शेतजमिनींवर कुरणे उभी राहिली, आणि आज ती वन्यजीवांच्या आवडीच्या जागा झाली आहेत. अशी मोकळी जमीन गवताच्या आधी तणांच्या हाती जाऊ नये, यासाठी सातत्याने राबावे लागते.

गावांच्या दृष्टीनेही नुकसान कमी नाही. घाणेरीच्या पानांतील लँटाडीन हे द्रव्य गुरांच्या यकृताला इजा करते. चाऱ्याच्या टंचाईत भुकेलेल्या गुरांनी पाला खाल्ला तर त्यांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते आणि प्रसंगी ती दगावतात. मोहफुले, तेंदू, डिंक गोळा करणाऱ्यांच्या वाटा काट्यांनी अडतात. उन्हाळ्यात वाळलेल्या काड्या आग वरपर्यंत नेतात. वणवा विझल्यावर घाणेरी बुडापासून पुन्हा फुटते, पण इतर झाडांची रोपे जळून गेलेली असतात.

दाट झुडपांचा आणखी एक धोका या जिल्ह्यांना चांगलाच परिचित आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या आणि लगतच्या दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात लागोपाठ दोन बळी गेले. त्यानंतर वस्तीलगतची झुडपे साफ करण्याची मागणी जोरात पुढे आली. अशा परिसरातील झाडोरा एकट्या घाणेरीचा नसतो. त्यात वेडी बाभूळ आणि इतर झुडपेही असतात. मात्र साफसफाई म्हणून घाणेरी वरवर कापली, तर एका पावसाळ्यात ती पूर्वीपेक्षा दाट होऊन उभी राहते. लपायला जागा उरली नाही, असे समजून लोक निर्धास्त होतात आणि तेवढ्यात ती जागा पुन्हा तयार झालेली असते.

मुळावर घाव

घाणेरीविरुद्ध किडींची योजना करून पाहण्यात आली आहे. तिची पाने शोषणारा टेलिओनेमिया हा ढेकूणवर्गीय कीटक १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणला गेला. तपासणीत तो सागाच्या फुलोऱ्यावरही जगतो असे दिसले, म्हणून ती पैदास नष्ट करण्याचे ठरले. पण कीटक तोवर निसटला होता. साग आणि घाणेरी पूर्वी एकाच वनस्पतिकुळात गणले जात, हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य नाही. सागवानासाठी प्रसिद्ध असलेल्या आलापल्ली, बल्लारपूरसारख्या भागांनी यातून सावधपणाचा धडा घ्यावा. शिवाय निसटलेल्या या कीटकाने घाणेरीला आळा घातला नाही तो नाहीच. रासायनिक तणनाशके जंगलात सरसकट फवारणे धोक्याचे, आणि यंत्राने उखडल्यास ढवळलेल्या मातीतील बिया उगवून येतात.

या पार्श्वभूमीवर दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात विकसित केलेली पद्धत महत्त्वाची ठरते. तिचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. घाणेरीचे नवे फुटवे खोड आणि मूळ यांच्या सांध्याजवळच्या भागातून येतात. त्याखालच्या मुळातून येत नाहीत. म्हणून जमिनीच्या ३ ते ५ सेंटिमीटर खाली मुख्य मूळ तोडायचे, झुडूप बुडासह वर काढायचे आणि मुळे आकाशाकडे राहतील असे उलटे टाकून वाळू द्यायचे. माती फारशी ढवळली जात नाही, औषध लागत नाही आणि कुदळ, सब्बल एवढ्या साधनांवर काम भागते. पावसाने जमीन मऊ झालेली असताना, परंतु फळे पिकण्यापूर्वी हे काम करणे इष्ट.

या पद्धतीचा अर्धा भाग मात्र झुडूप काढल्यानंतर सुरू होतो. जमिनीत पडलेल्या बिया पुढील पावसात उगवतात. त्यामुळे निदान दोन-तीन वर्षे, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली आणि ओहोळांच्या काठी, नवी रोपे हाताने उपटावी लागतात. मोकळ्या जागी स्थानिक गवतांचे बी पेरावे लागते. जागा रिकामी राहिली तर घाणेरी नाही तरी रानतुळस किंवा तरोटा ती व्यापतोच. पहिल्या वर्षी छायाचित्रांसह पार पडलेली आणि दुसऱ्या वर्षी विसरली गेलेली मोहीम जवळजवळ निष्फळ ठरते.

पुन्हा येणारे हात

दरवर्षी त्याच जागेवर परत येणारे मनुष्यबळ कोठून आणायचे? येथे या दोन जिल्ह्यांकडे एक बळ आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा होते. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचे हक्क मिळाले. त्यानंतर जिल्ह्यातील शेकडो गावांना असे हक्क मिळाले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने तेंदूपान तोडणी थांबवण्याचा निर्णय घेतला. खुटकटाई आणि आगी यांमुळे जंगलाचे नुकसान होते, हे त्यामागील कारण होते. कोठे कापायचे आणि कोठे कापायचे नाही, याचा विचार येथे गाव स्वतः करते, याचा हा दाखला.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीखेरीज कोणालाही तण काढता येत नाही. मात्र सामूहिक वनांत ग्रामसभेला व्यवस्थापनाचा अधिकार आहे, आणि माणसे तेथे वर्षानुवर्षे राहणारी आहेत. काढलेल्या काड्यांचा उपयोगही होऊ शकतो. कर्नाटकातील मले महादेश्वर डोंगरात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काड्यांपासून खुर्च्या आणि टोपल्या बनवतात. निलगिरीतील गुडलूर परिसरातील कारागिरांनी तिच्यापासून घडवलेले हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या उद्यानांत मांडले गेले. बांबूकामाची परंपरा असलेल्या या भागालाही हा मार्ग अशक्य नाही. मात्र अशा उद्योगाने घाणेरी संपवावी, टिकवू नये, याचे भान ठेवावे लागते.

नवी लागवड करताना

नव्याने बाग करणाऱ्याने घाणेरी टाळलेली बरी. काटेरी कुंपणासाठी करवंद उत्तम; पांढरी सुगंधी फुले आणि खाण्याजोगी फळे ही त्याची जोडभेट. पिवळी फुले हवी असतील तर काटेरी कोरांटी आहे. लाल फुलांसाठी धायटी, आणि जनावरे न खाणारे कुंपण हवे असेल तर निर्गुंडी किंवा अडुळसा लावावा. बोगनवेल परकीय असली तरी तिच्या बहुतेक बागायती वाणांना आपल्याकडे बी धरत नाही, म्हणून ती रानात पसरत नाही. फुलपाखरांसाठीच घाणेरी हवी असे वाटत असेल, तर कोरांटी, निर्गुंडी आणि धायटीवरही ती येतात.

आधीची घाणेरी काढायची असेल तर बागेतही जंगलाचीच पद्धत वापरावी. पाऊस पडून गेल्यावर बुडाभोवतीची माती थोडी बाजूला करून सांध्याखाली मूळ तोडावे, झुडूप उलटे ठेवून वाळवावे आणि पुढील दोन पावसाळे तेथे उगवणारी रोपे उपटावीत. ज्यांना ती ठेवायची आहे, त्यांनी एकच नियम पाळावा : झुबका कोमेजला की कात्री लागली पाहिजे. बागेत छाटणी यशस्वी होते ती माळी पुन्हा येतो म्हणून. जंगलात तो येत नाही. तेथे मग घाव फांदीवर नव्हे, मुळावरच घालावा लागतो.